सोडून दिलेला मासा

अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाशीं बेटांची जी लांबच लांब माळ आहे, तिच्या आसपास कित्येक मैलपर्यंत समुद्र गुडघाभरच असतो. तळाशीं पांढरी वाळू व समुद्री गवत, आणि वर काचेसारखें पाणी. भरती येऊं लागली म्हणजे ‘बोनफिश’ नांवाचे रुपेरी मासे या उथळ पाण्यांत चरावयास येतात. तोंड खालीं करून ते खेंकडे व कोळंबी उकरूं लागले कीं त्यांच्या शेंपट्या पाण्याबाहेर चमकतात. त्यांस गळानें धरण्याची हौस असलेले लोक दिवसाच्या मजुरीवर एक वाटाड्या ठरवितात. हा वाटाड्या होडीच्या मागल्या बाजूस, यंत्रावर बांधलेल्या माचावर उभा राहून लांब काठीनें होडी निःशब्दपणें रेटतो. पाहुणा गळ घेऊन पुढल्या टोकास उभा असतो. होडीचें टोक म्हणजे घड्याळांतील बारा, असा त्यांचा संकेत असतो. ‘अकरा वाजतां, साठ फूट,’ असें वाटाड्या हळूच सांगतो. पाहुणा टक लावून पाहतो, पण त्यास कांहींच दिसत नाहीं. कारण या माशाचे खवले आरशासारखे असून भोंवतालचाच रंग परत दाखवितात. वाटाड्याची नजर पुष्कळदां माशापेक्षां वाळूवर सरकणाऱ्या त्याच्या सावलीवर असते.

गळ लागतांच मासा एका धांवेंत शंभर यार्ड दोरी ओढून नेतो. त्याचा दम संपेपर्यंत हा खेळ चालतो. मग त्यास जवळ आणून, गळ काढून, बहुधा एक छायाचित्र घेऊन सोडून देतात. खाण्याचा प्रश्नच येत नाहीं, कारण फ्लोरिडांत २०१३ पासून बोनफिश ठेवून घेण्यास कायद्यानें बंदी आहे. या सोडून देण्यास तिकडे भूतदयेचें नांव देणारेही आढळतात. तें नांव कितपत साजतें, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत याच्या अगदीं उलट तरतूद आहे: सोडून देण्याच्याच हेतूनें मासा गळास लावणें तेथें निषिद्ध होय. म्हणजे एके ठिकाणीं ठेवणारा अपराधी, तर दुसऱ्या ठिकाणीं सोडण्यासाठीं धरणारा अपराधी! परंतु हा विरोध वरवरचा आहे. फ्लोरिडाचा कायदा जातीकडे पाहतो, स्विस नियम त्या एका माशाकडे. जात टिकावी म्हणून मारूं नये, हें ठीकच. पण त्या एका माशास आमच्या करमणुकीसाठीं कां दमवावें, याचें उत्तर त्यांतून मिळत नाहीं. माशांस वेदना होतात कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. तथापि लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ मध्यें ट्राउट माशाच्या डोक्यांत इजा ओळखणारे मज्जातंतु दाखवून दिल्यापासून ‘माशाला काय कळतें!’ एवढें म्हणून सुटतां येत नाहीं.

मृगयेचा हा वाद आमच्याकडे जुनाच आहे. मनूनें कामज व्यसनांत तिला पहिलें स्थान दिलें. शाकुंतलांतील सेनापति मात्र तिला व्यसन म्हणणारांसच खोटें ठरवितो, कीं तिनें शरीर हलकें होतें व हलत्या लक्ष्यावर नेम बसतो. फ्लोरिडांतील हौशी गृहस्थही हींच कारणें देईल, आणि तीं खोटीं नव्हेत. पण त्याच नाटकांत तपस्व्यांच्या शब्दाबरोबर दुष्यंत धनुष्यास जोडलेला बाण उतरवून ठेवतो. येथें बाण आधीं लागतो, सुख पुरतें भोगून होतें, आणि मग दया आठवते. आमच्या कोंकणांतील खाडीवर गळ टाकून बसलेला मनुष्य मासा मारतो खरा, पण त्यास घरच्या चुलीचें कारण तरी असतें.

म्हणून हें सारें ढोंग ठरवावें काय? तसेंही आम्हांस वाटत नाहीं. बहामा बेटांत वाटाड्याच्या धंद्यावर पुष्कळ घरें चालतात. ज्याचें पोट जिवंत माशावर आहे, त्यास जाळीं व गाळउपसणी यांविषयीं आस्था असतेच. या आस्थेंत स्वार्थ आहे हें उघड आहे. पण त्या स्वार्थानें राखलेलें पाणी माशांस कमी उपयोगी पडत नाहीं.

परंतु सोडलेला मासा वांचतोच असेंही नाहीं. बहामांतील एल्यूथेरा बेटाजवळ संशोधकांना असें आढळलें कीं, दमलेला व हवेंत धरून ठेवलेला बोनफिश सोडल्यावर त्याचा तोल जातो, आणि असे मासे शार्कच्या तोंडीं अधिक पडतात. छायाचित्राचा तो अर्धा मिनिट कोणाच्या जिवावर घेतला जातो, हें यावरून कळावें. येथेंही खरी नजर वाटाड्याचीच. शार्कची सावली त्यालाच प्रथम दिसते. ‘मासा पाण्याबाहेर काढूं नका’, किंवा ‘आतां गळच टाकूं नका’, हें सांगण्याचा अधिकार ज्ञानानें त्याचा आहे. सकाळपासून त्याच्या डोळ्यांनीं पाहणाऱ्या पाहुण्यानें या वेळीं तरी तें ऐकावें, एवढी अपेक्षा गैरवाजवी नव्हे. पण दुष्यंतास थांबविणारे तपस्वी त्याचे चाकर नव्हते. वाटाड्याला सायंकाळीं त्याच पाहुण्याच्या हातून मजुरी व वर बक्षीस घ्यावयाचें असतें. आणि तरीही शार्क दिसतांच काठी रोवून होडी दुसरीकडे वळविणारे वाटाडे आहेत.