ओ देणारा कोणी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६.

या श्लोकात भगवंत अगदी साधी गोष्ट सांगतात. मन चंचल आहे, ते एका जागी टिकत नाही. ते जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं आणि आपल्या ठिकाणी बसवायचं. बस, एवढंच. मन पळालं म्हणून तू नालायक, असं इथे म्हटलेलं नाही. किती वेळा परत आणायचं, याचा आकडाही दिलेला नाही.

याच अध्यायातल्या दहाव्या श्लोकात साधकाने एकांतात, एकट्याने राहावं असं सांगितलंय. म्हणजे एकटेपण आणि पळणारं मन हे दोन्ही विषय शेजारी शेजारी आलेत. माणूस एकटा बसला की सगळ्यात आधी मनच बोलायला लागणार, हे भगवंतांना पक्कं ठाऊक आहे.

हा श्लोक आज घेण्यामागे एक कारण आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूरकडची एक मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. खोलीतली जोडीदारीण परीक्षा सोडून गावी परतली, तेव्हापासून ती एकटीच राहते. सकाळी अभ्यासिका, दुपारी डबा, रात्री खोली. परवा फोनवर म्हणाली, "दादा, काल झोपताना लक्षात आलं, दिवसभरात मी फक्त डबेवाल्या काकूंशी बोलले. तेही एकच वाक्य. पण खोलीत आले की मी मोठमोठ्याने बोलत असते. बाबांशी भांडते, मुलाखतीच्या पॅनेलला उत्तरं देते. चहाचं आधण आटून जातं, तरी कळत नाही. एकच पान तीनदा वाचते. दादा, मी वेडी होतेय का?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. आज आपल्यातले कितीतरी जण शहरात एका खोलीत राहतात, लॅपटॉपवर काम करतात, जेवण ॲपवरून मागवतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर हे सगळ्यांनीच भोगलं. तेव्हा निदान सगळे एकटे होते. आता बाहेर जग धावतंय आणि आपण एकटेच आत, हे जास्त टोचतं.

तिला उत्तर देताना मला गीतेआधी आमच्या गावाकडची जागल आठवली.

भंडारा म्हणजे धानाचा आणि तलावांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास धान पिकतं. बांध्यांमध्ये रानडुकरं शिरतात आणि एका रात्रीत पिकाची नासाडी करतात. म्हणून शेतकरी मचाणावर बसून रात्रभर राखण करतो. याला जागल म्हणतात. माझे मोठे बाबा जागलीला जायचे. लहानपणी हट्ट करून मीही गेलोय. काळोख, थंडी, खाली शेकोटी, हाताशी बडवायला एक डबा. आणि मोठे बाबा बोलत असायचे! बैलांशी, डुकरांशी, वारलेल्या मोठ्या आईशी, धानाच्या भावाशी. मी घाबरून विचारलं, "मोठे बाबा, कोणाशी बोलून रायले?" ते म्हणाले, "मनाशी बोलतो गा. मन जागं रायलं का डोरा बी जागा रायते." (आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो; डोरा म्हणजे डोळा.)

आता यातली खरी गंमत ऐका. थोड्या थोड्या वेळाने मोठे बाबा बोलणं थांबवून मोठ्याने हाळी द्यायचे, "जागा हायेस का गाऽऽ?" आणि दोन-तीन धुऱ्यांपलीकडून अंधारातून उत्तर यायचं, "हाव गाऽऽ!" मग पुन्हा आपलं आपलं बोलणं सुरू. पलीकडून ओ आली नाही, तर ते दुसऱ्यांदा हाळी देत. तरीही ओ आली नाही, तर बॅटरी घेऊन खाली उतरत आणि धुऱ्याधुऱ्याने बघायला जात. माणूस झोपला असेल, आजारी असेल, साप चावला असेल. काय सांगावं?

मला वाटतं, एकटेपणाचं सगळं शास्त्र या जागलीत आलं. स्वतःशी बोलणं हा रोग नाही. बोलता बोलता हाळी द्यायचीच विसरलो, आणि ओ देणारं कोणी आहे हेही विसरलो, तर मात्र मन अंधारात एकटंच भरकटतं.

गीतेचा पहिला अध्याय या नजरेने पुन्हा वाचा. दोन्ही सैन्यांच्या मधोमध, लाखो माणसांत अर्जुन एकटा पडलाय. तो बोलत सुटतो. अंग कापतंय, तोंड सुकलंय, मन गरगरतंय, हातातून गांडीव निसटतंय. हातातली वस्तू निसटणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! तो प्रश्न विचारतो आणि उत्तरंही स्वतःच देतो. समोर साक्षात श्रीकृष्ण बसलेत, पण बोलणं चाललंय स्वतःशीच. वळण येतं दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात. तिथे अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य, तुला शरण आलोय, तूच सांग. शब्द त्याच तोंडाचे आणि दुःखही तेच, फक्त तोंड भगवंताकडे वळलं. त्या क्षणी स्वगताचा संवाद झाला, आणि गीतेचा उपदेश सुरू झाला.

आपले संत काय वेगळं करत होते? तुकोबांनी दुष्काळ पाहिला, घरातली माणसं गमावली. देहूजवळच्या डोंगरावर ते एकांतात जाऊन बसत. त्या डोंगराचं नावही भंडारा! आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना याचं फार अप्रूप. झाडावेलींना सोयरे म्हणणाऱ्या त्या प्रसिद्ध अभंगात तुकोबा मनाशी चाललेलं स्वतःचं बोलणं लपवत नाहीत. ते त्याला एकांताच्या सुखात धरतात. पण ते डोंगरावरच राहिले नाहीत. खाली येऊन कीर्तनाला उभे राहिले, माणसांत मिसळले. समर्थांनी तर मनाशी बोलण्याचंच स्तोत्र करून ठेवलं. मनाचे श्लोक २०५ आहेत. त्यांतला सूर बघा: ते मनाला शिव्या घालत नाहीत, सज्जन म्हणून समजावतात. आपण स्वतःशी बोलताना कोणत्या सुरात बोलतो, हे आज रात्री जरा ऐकून बघा.

आमच्या मातीतला आणखी एक दाखला. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचं नाव 'एकांक' आहे. श्रीचक्रधर स्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा तो काळ. पण त्या लीळांमध्ये स्वामी कुणा ना कुणाला भेटतच असतात. त्याच भ्रमंतीत भंडाऱ्याचे निळभट्ट त्यांना भेटले आणि त्यांच्या मागे निघाले. एकांत म्हणजे माणसांना दार लावून घेणं नव्हे, हे एकांक वाचून कळतं.

आता आटून गेलेल्या चहाबद्दल. दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) भगवंत एक साखळी सांगतात. एकाच विषयाचा सतत विचार, त्यातून आसक्ती, मग इच्छा, राग, मोह, आणि मग स्मृतिभ्रंश. म्हणजे विसरण्याची सुरुवात विसरण्यापाशी होत नाही. ती होते एकच गोष्ट घोळवत बसण्यापाशी. ती मुलगी चहा विसरली, कारण त्या वेळी ती ओट्यापाशी नव्हतीच. ती गावी, बाबांसमोर उभी राहून भांडत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही जण म्हणतात, नामात रंगलो म्हणून भान राहिलं नाही, आणि त्याचं कौतुकही होतं. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवा. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचं तान्हं मूल पायाखाली आलं. पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळालं, असं कथा सांगते. पण त्याआधी त्या आईचा हंबरडाही सांगते. परंपरेने तो झाकला नाही. मला त्यातून एवढंच कळतं की भक्तीत सुद्धा पायाखाली काय आहे ते बघावं लागतं. गॅस चालू असताना गॅसपाशी असणं हीही साधनाच आहे.

मग करायचं काय? त्या मुलीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

एक. स्वतःशी बोलायला लाजू नका, पण बोलण्याला तोंड द्या. "माझं काय होणार?" असं भिंतीला विचारण्याऐवजी "पांडुरंगा, माझं काय होणार?" असं विचारा. एका नावाची भर पडते, पण बोलणं हाळी बनतं.

दोन. हातातलं काम तोंडाने म्हणा. "आता गॅस बंद केला, देवा." "आता कुलूप लावलं." पळालेल्या मनाला परत आणण्याचा आजच्या श्लोकातला अभ्यास स्वयंपाकघरातही होतो.

तीन. सहाव्या अध्यायातले १६ आणि १७ हे श्लोक वाचा. अति खाणाऱ्याला योग नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. दोन वेळचं जेवण आणि रात्रीची झोप भगवंतांनी योगातच धरली आहे. अभ्यासाच्या नावाखाली ती मोडू नका.

चार. रोज एका जिवंत माणसाचा आवाज ऐका. मेसेज नको, आवाज. आणि झोप उडाली असेल, दुसरं कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, जगावंसं वाटत नसेल, तर नुसत्या जपावर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. अर्जुनानेही मदत मागितलीच होती. मदत मागणं हे श्रद्धा कमी असल्याचं लक्षण नाही.

गीतेच्या शेवटी, १८व्या अध्यायातल्या ७३व्या श्लोकात, अर्जुन म्हणतो की माझा मोह गेला, मला स्मृती परत मिळाली. दुसऱ्या अध्यायात जिचा भ्रंश सांगितला, तीच ही स्मृती. ती परत आली संवादातून, कोणीतरी ऐकत होतं आणि ओ देत होतं म्हणून.

आजचा संकल्प : आज एक हाळी भगवंताला द्या आणि एक हाळी अशा मित्राला द्या, जो बरेच दिवस गप्प आहे. ओ आली तर दोघंही जागे आहात. दोनदा हाळी देऊनही ओ आली नाही, तर बॅटरी घ्या आणि धुऱ्यावर उतरा. त्याच्या दारापर्यंत जा.

राम कृष्ण हरी.