देवाचं मागणं

डिसेंबर अर्धा सरला की गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याच्या आसपास धानाची मळणी आटोपत आलेली असते. बांध्या रिकाम्या होतात, पुंजणे उतरतात, गुरांसाठी तणसाचे ढीग रचले जातात. नाताळचा गाजावाजा या भागात फारसा नसतो. जिल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडी. तरीही मराठी ख्रिस्ती परंपरेतली एक मोठी घटना या तालुक्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घडली आहे.

1893 च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आज तिरोडा, गोंदिया, आमगाव ही स्टेशनं लागतात तोच हा मार्ग. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या काव्याविषयी गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं. टिळकांना पुढे त्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने धरून ठेवलं. दीनांना, शोक करणाऱ्यांना, न्यायासाठी भुकेलेल्यांना धन्य म्हणणारं ते प्रवचन. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दीनांना धन्य म्हणणं सोपं आहे. उंचावर बसूनही ते म्हणता येतं. म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धेत प्रवचनाच्या आधी जन्म येतो, आणि त्या जन्माकडे नीट पाहिलं पाहिजे असं मला वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात घडतं ते फार थोडं. शिरगणतीसाठी सरकारी हुकमाने एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्तेला घेऊन बेथलेहेमला येतो, उतारशाळेत जागा मिळत नाही, बाळ जन्मतं, आई मरिया त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. कृष्णजन्माच्या रात्री बेड्या गळून पडतात, यमुना वाट देते. आपण मराठी माणसं देवाच्या जन्माची कथा अशी ऐकत वाढलो. बेथलेहेमचं बाळ मात्र स्वतः काहीही करत नाही. देवदूत दिसतात तेही गावाबाहेर, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. गव्हाणीपाशी फक्त एक तान्हं मूल आहे, आणि तान्ह्या मुलाला जे लागतं ते सगळं त्याला लागतं: दूध, ऊब, कुणाची तरी जागती रात्र.

माझ्या मते नाताळचा गाभा इथे आहे. एरवी माणूस देवापुढे हात पसरतो. पाऊस दे, पीक दे, लेकराचा ताप उतरव. या एका रात्री देवच माणसाकडे मागायला आला, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. ज्याच्या हाती सगळं आहे तो मान सावरता न येणाऱ्या बाळाच्या रूपात आला, आणि मरियेने उचललं नसतं तर तो तिथेच पडून राहिला असता. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना हेच सांगितलं, की ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं. सामर्थ्यवान देवाची भीती बाळगता येते, त्याची स्तुती गाता येते. गरजवंत देवाला मात्र कुशीतच घ्यावं लागतं.

असिसीच्या फ्रान्सिसला हे नेमकं उमगलं होतं. 1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचियो गावी त्याने गवताने भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. त्या बाळाची आबाळ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. आज चर्चमध्ये आणि घरोघरी मांडले जाणारे देखावे त्याच परंपरेतले. पण आपले देखावे फार स्वच्छ असतात. शेणाचा वास नाही, अंगाला टोचणारं तणस नाही, बाळंतिणीच्या चेहऱ्यावर थकवा नाही. दिव्यांची माळ लागली की आबाळ दिसेनाशी होते, आणि मग त्या बाळाचं मागणंही ऐकू येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर पुढे हेच कुटुंब रातोरात मिसर देशाकडे पळतं, कारण हेरोद राजाला मूल मारायचं आहे. देव परमुलखात आसरा शोधतो. गोंदिया जिल्ह्यातून धान निघाल्यावर अंथरूण-पांघरूण बांधून, कडेवर लेकरू घेऊन मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. मोठेपणी येशूने स्पष्टच म्हटलं, की भुकेल्यासाठी, परक्यासाठी, तुरुंगातल्यासाठी तुम्ही जे केलंत ते माझ्यासाठी केलंत. बेथलेहेमची गरज बेथलेहेमात संपली नाही. मध्यरात्रीच्या उपासनेला भक्तिभावाने उभा राहणारा माणूस घरी परतल्यावर कुणाला दार उघडतो, हा प्रश्न त्या उपासनेचाच भाग आहे, आणि चर्चने तो आपल्या लोकांना अधिक कळकळीने विचारायला हवा.

टिळकांच्या घराने त्याचं उत्तर दिलं, पण ते स्वस्तात आलं नाही. बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ येऊनही त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि सोवळं संपलं. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला सर्वांत जास्त हलवतं ते त्यांचं भरलेलं घर. दुष्काळाने आणि प्लेगने निराधार केलेली मुलं टिळक घरी घेऊन येत आणि लक्ष्मीबाई त्यांना पोटाशी धरत. हाताशी पैसा नसे. टिळकांचा दानधर्म मात्र चालूच असे. त्या कधी चिडत, कधी रडत, आणि पुन्हा चुलीशी बसत. बालकवी ठोमरेही त्याच घरात मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.