कागदावर नको

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्री भाजीपाल्याच्या गाड्या लागायला लागतात, तेव्हा भुसार विभागातले गाळे कुलूपबंद झालेले असतात. या गाळ्यांच्या राखणीला जे उभे असतात, त्यांत माजी सैनिक बरेच. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, बाजार त्याला 'मेजर'च म्हणतो. फौजेतला जवान चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनवर घरी येतो. तेव्हा मुलांची शिक्षणं व्हायची असतात, घराचे हप्ते चालू असतात. मग हिरवी वर्दी जाऊन सिक्युरिटीचा निळा शर्ट अंगावर येतो.

मी एका आडतीवर हिशेब लिहितो. हंगामात पट्ट्या करता करता रात्र होते, त्यामुळे आमच्या ओळीतल्या मेजरशी बोलणं व्हायचं. सातारा जिल्ह्यातला माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून उतरलेला. इतर पहारेकरी रात्रपाळी टाळायला बघतात, हा मागून घेतो. त्याच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, फाइल असते. बीपीची गोळी तो चहाबरोबर चारचौघांत घेतो, साखर किती आली तेही सांगतो. झोपेचं विचारलं की बोलणं तुटतं.

"दिवसा तरी लागते का?"

"पडून राहतो."

"त्याच फाइलवर डॉक्टरांना सांगा की."

"दिवाणजी, ते कागदावर नको."

गावाकडचा माणूस, लाजत असेल, असं मला आधी वाटलं. पुण्यात अजूनही कुणी जरा वेगळं वागलं की तिथल्या मनोरुग्णालयावरून 'येरवड्याला पाठवा' म्हणून हसतात, तेव्हा लाज वाटण्यात नवल नाही. पण त्याची गोष्ट लाजेपेक्षा व्यवहाराची होती. त्याच्या खांद्याला स्वतःच्या परवान्याची बारा बोअर असते. बंदूकवाल्याला साध्या पहारेकऱ्यापेक्षा पगार जास्त. परवान्यासाठी मानसिकदृष्ट्या ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो. मनाच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी फाइलला लागली की परवाना जाईल आणि त्याच्यामागून नोकरी, असा त्याचा हिशेब. हिशेब लिहिणारा मी, मला त्यात चूक काढता येईना.

हा हिशेब तो फौजेतच शिकून आला आहे. तिथे प्रत्येकाच्या तब्येतीची 'शेप' श्रेणी असते. इंग्रजीतली पाच अक्षरं: पहिलं मनाचं, मग कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. सगळीकडे एक असेल तो 'शेप-वन'. आकडा घसरला की 'कॅटेगरी लागली'. मग बढती अडते, पोस्टिंग बदलतं, आणि मनाच्या अक्षरात घसरण झाली तर बहुधा हत्यार हातात देत नाहीत. गुडघा गेला तर पलटणीत सांगता येतं, कधी कौतुकही होतं. पण ज्याची रायफल काढून घेतली त्याच्याकडे बराकीतले कसे बघत असतील, हे वेगळं सांगायला नको. नियम आकसाने केलेला नाही. तरी त्यातून जवान शिकतो ते एवढंच, की बोललास तर गेलास.

न बोलण्याची किंमतही कागदावर आहे. जुलै 2022 मध्ये संसदेत सरकारने सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या 819 जणांनी आत्महत्या केली. त्यातले 642 भूदलातले. अशा उत्तरांत कारणं दिली जातात ती सीमेवरच्या गोळीबारापेक्षा घरची जास्त: संसार, कर्ज, जमिनीचे वाद. काश्मिरात कुपवाड्याच्या चौकीवर बसलेल्या पोराला फोनवर कळतं की चुलत्याने बांध कोरला. सुट्टी मिळायला वेळ लागतो, आणि तोवर तो रायफल घेऊन पहाऱ्यावर असतो.

सैन्याला हे कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. यार्डापासून गाडीने फार लांब नाही, त्या वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, 1 डिसेंबर 2023 रोजी 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास सैनिकांसाठीचा कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. जवान आणि त्यांचे कुटुंबीय फोनवर बोलू शकतील, अशी सोय. पाऊल चांगलं आहे. पण फोन ठेवल्यावर उपचार घ्यायचे तर पुन्हा तोच कागद समोर येतो, आणि पोस्टरवर 'मन मोकळं करा' लिहून तो हिशेब बदलत नाही.

याच यार्डात ओझ्याची एक लढाई झाली आहे. पूर्वी हमाल शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे, आणि ते उचलता येणं ही मर्दानगी समजली जायची. बाबा आढाव यांनी 1955 मध्ये उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने पोतं पन्नास किलोवर आणण्यासाठी झगडा केला. हमालांनी व्यायाम करून पाठ घट्ट करावी, असं त्या मागणीत कुठे नव्हतं. ओझं कमी करा, असं होतं. फौजी माणसाला मात्र आपण अजून मन घट्ट करायलाच सांगतो.

आजारी मनाच्या हातात बंदूक कशी द्यायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, मीही त्याच ओळीत रात्री बसतो. पण उपचार घेणाऱ्याची बंदूक जाते आणि लपवणाऱ्याची राहते, ही व्यवस्था मला जास्त धोक्याची वाटते. काही महिने हत्यार बाजूला ठेवून, पगार न कापता, दुसरं काम देता आलं पाहिजे. डॉक्टरांनी बरा म्हटल्यावर ते परत मिळालं पाहिजे. मोडलेल्या हाताला आपण एवढी सवलत देतोच.

परवान्याचे नियम बदलणं सरकारच्या हातात आहे. पगार न कापणं आपल्या हातात आहे, आणि हे मी माझ्या ओळीतल्या आडत्यांना सांगतो आहे. तुमच्या गाळ्यावरचा मेजर उद्या डॉक्टरकडे जातो म्हणाला, तर त्याला वजनकाट्यावर किंवा गेटपासाच्या टेबलावर बसवा, बंदूकवाल्याचाच पगार द्या आणि कारण चारचौघांत विचारू नका. त्याआधी त्याला टेली मानसचा नंबर लिहून द्या: 14416. चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.