काठ लागला असे वाटते तेव्हा

अर्नाळ्यापासून राजोडी, कळंब, भुईगाव अशा गावांवरून पाचूबंदरापर्यंत वसईचा जो किनारा पसरलेला आहे, त्यावर सहज फिरावयास आलेल्या मनुष्यास भूमी आणि समुद्र ही दोनच राज्ये दिसतात. परंतु ज्यांचा चरितार्थ पाण्यात शिरण्यावर आणि त्यातून परतण्यावर अवलंबून आहे, त्या कोळ्यांस ह्या दोहोंच्या मध्ये तिसऱ्याच एका सत्तेचा अंमल असल्याचे पुरते ठाऊक असते. लाट जेथे फुटू लागते तेथे तो सुरू होतो आणि तिचा फेस जेथे वाळूत जिरतो तेथे संपतो. खोल पाण्यात होडी तरते, कोरड्या पुळणीवर मनुष्य चालतो. ह्या मधल्या पट्ट्यात मात्र होडीस पाणी पुरत नाही आणि पावलास आधार मिळत नाही.

ह्या पट्ट्याच्या काठावर धर्माचा एक जुना प्रश्न उभा राहतो. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून त्याला देव म्हणणारा कोळी दुसऱ्याच क्षणी डोळे बारीक करून लाटा न्याहाळीत उभा राहतो, आणि वसईचा ख्रिस्ती कोळी फादरांकडून होडीवर आशीर्वाद घेऊनही नेमके तेच करतो. ज्याला शरण जावयाचे त्याच्या चालीचा हिशेब ठेवणे ही श्रद्धेतील कसूर समजावी काय? बुद्धिवादी म्हणेल की लाटा पाहिल्या म्हणजे नारळ अनावश्यक ठरला; भाविक म्हणेल की नारळ वाहिल्यावर लाटा पाहणे हा अविश्वास झाला. ह्या दोघांपैकी कोणासही होडी पाण्यात लोटण्याचा प्रसंग आलेला नसावा, असा माझा संशय आहे.

प्रथम लाटेचाच विचार करू. दुरून आलेल्या लाटेची उंची खालील पाण्याच्या खोलीच्या सुमारे तीन-चतुर्थांश झाली म्हणजे तिचा पाया तळाशी अडखळून मंदावतो, माथा पुढे धावतो आणि ती कोसळते. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन एक टनाहून थोडे अधिकच भरते, हे ध्यानी घेतले म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या धट्ट्याकट्ट्या मनुष्याचीही काय प्रतिष्ठा उरते ते निराळे सांगावयास नको. परंतु ही शक्ती स्वैर नाही. निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकमेकींवर आरूढ होत येत असल्यामुळे मोठ्या लाटांचा एक जथा येतो आणि त्यामागून काही काळ उसंत मिळते. जो थांबतो त्यालाच ती उसंत दिसते.

पाठीवर हवेचे नळकांडे बांधून किनाऱ्यावरूनच समुद्रात उतरणाऱ्या हौशी पाणबुड्यांनी ह्या थांबण्याचे एक शास्त्रच बनविले आहे. वसईचे पाणी त्यांच्या उपयोगाचे नाही. उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस उल्हास इतका गाळ आणून ओततात की त्यात हातभर अंतरावरचेही धड दिसू नये. त्या विद्येसाठी मराठी मनुष्यास तारकर्ली-मालवण गाठावे लागते, आणि तेथेही बहुधा होडीतूनच उडी घेतली जाते. तथापि किनाऱ्यावरून उतरण्याचे जे नियम जगभर रूढ आहेत, ते आमच्या प्रश्नावर चांगलाच प्रकाश टाकतात. पाणबुड्याने आधी कोरड्या जागी उभे राहून लाटांचे अनेक जथे पाहावेत. श्वासाची नळी पाणी लागण्यापूर्वीच तोंडात धरावी. पायांत पोहण्याचे पर चढविल्यावर पाठमोरे किंवा आडवे चालावे, परंतु मान वळवून दृष्टी लाटेवरच ठेवावी. पाऊल न उचलता घासत न्यावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच निसटून जाते. आणि उसंत मिळताच रेंगाळू नये. एवढे पाहूनही समुद्र अनुकूल न वाटला तर मुकाट्याने घरी परतावे. ज्याने घरी परतण्याची मुभा स्वतःला ठेवलेली नाही, त्याचे पाहणे हा केवळ उपचार होय.

परंतु खरी परीक्षा परतीच्या वेळी होते. शरीर थकलेले असते, नळकांड्यातील हवा सरत आलेली असते, किनाऱ्यावरची माणसे ओळखू येण्याइतकी जवळ दिसतात, आणि नेमका ह्याच वेळी मनुष्य कमरेएवढ्या पाण्यात ताठ उभा राहून समुद्राकडे पाठ फिरवितो. जाणता पाणबुड्या लाटा फुटण्याच्या रेषेबाहेरच थांबून राहतो, मोठा जथा पुढे जाऊ देतो, त्यातील शेवटच्या लाटेच्या पाठोपाठ आत येतो, आणि लाटेने पाडलेच तर उभे राहण्याचा हट्ट सोडून, श्वासाची नळी तशीच तोंडात ठेवून, हातापायांवर रांगत कोरड्या वाळूपर्यंत जातो. (हा देखावा वीरश्रीचा नसतो, किनाऱ्यावरील बघे हसतातही.) ह्या वेळेसाठी थोडी हवा राखून ठेवणे हाही त्या शास्त्राचाच दंडक आहे.

येथे मला सोपाऱ्याच्या बाहियाची आठवण होते. आज नालासोपारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्याच प्राचीन बंदरातील स्तूप 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन करून उजेडात आणला. पाली अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरील जुन्या भाष्याप्रमाणे, बाहिय हा समुद्रपर्यटन करणारा व्यापारी. गलबत फुटले, सोबती बुडाले, आणि तो एकटा फळीच्या आधाराने सोपाऱ्यास लागला. अंगावर वस्त्र उरले नव्हते म्हणून त्याने झाडाची साल गुंडाळली आणि खापर हाती घेऊन भिक्षा मागितली. लोकांनी त्याचे ते वल्कल पाहून त्याला अर्हत, म्हणजे मुक्त पुरुष, ठरविले, त्याची पूजा मांडली, आणि हळूहळू त्यालाही आपण अर्हत आहोत असे वाटू लागले. पुढे एका देवतेने त्याला स्पष्ट बजावले की तू अर्हत तर नाहीसच, त्या मार्गावरही नाहीस. तेव्हा तो तडक श्रावस्तीस गेला, भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला त्याने रस्त्यातच गाठले, आणि दोनदा थांबावयास सांगितले असताही तिसऱ्यांदा उपदेश मागितला. पाहिलेल्यात पाहिलेलेच राहू द्यावे, त्यात आपले काही मिसळू नये, असा त्या संक्षिप्त उपदेशाचा आशय. तो ऐकून बाहिय मुक्त झाला आणि थोड्याच वेळाने वासरू असलेल्या गाईने मारल्यामुळे मरण पावला.

समुद्राने ज्याला सोडले त्याला पुळणीवरच्या लोकांच्या नमस्काराने बुडविले, असे ह्या कथेचे मर्म मला वाटते. बाहियाचे शरीर काठास लागले होते, परंतु काठ लागल्याचा जो निवाडा त्याने लोकांच्या हवाल्यावर स्वीकारला, तो कमरेएवढ्या पाण्यात पाठ फिरविणाऱ्याच्या निवाड्याहून निराळा नव्हता. आणि जो उपदेश त्याला तारून गेला, तो लाटेपुढे उभ्या राहिलेल्या होडीच्या तांडेलास अपरिचित वाटू नये. आपली घाई, आपला नवस, आपली ऐट ह्यांपैकी काहीही न मिसळता समोरचे पाणी जसे आहे तसे पाहणे हेच त्याचेही काम असते. म्हणून लाटा पाहणे आणि नारळ वाहणे ह्यांत मला विरोध दिसत नाही. देवाची इच्छा मानावयाची म्हटले म्हणजे त्याचा नकारही मानावा लागतो, आणि समुद्र आपला नकार लाटांतूनच कळवितो. वाहिलेल्या नारळाच्या बळावर तो नकार धुडकावणारा भक्त प्रत्यक्षात देवावर हुकूम चालवीत असतो.

हा विवेक आमच्या धर्मव्यवहाराबाहेरचा आहे असेही नाही. पंचांगातील तिथीचे पाऊणपट केले म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, हा कोकणातील जुना दस्तूर आहे. अष्टमीस सहा, दशमीस साडेसात. ज्या तिथीवर व्रत ठरते त्याच तिथीत समुद्राचा दाखला दिलेला असतो. आम्ही अर्धेच पंचांग वाचतो. 2025 साली गिरगाव चौपाटीवर भरतीच्या पाण्यामुळे लालबागच्या राजाचे विसर्जन कित्येक तास खोळंबले, तेव्हा अनेकांस तो अपशकुन वाटला. मला त्यात अनुचित काही दिसले नाही. मूर्ती थांबली, पाणी उतरले, विसर्जन झाले.

अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येत असल्यामुळे तेव्हा समुद्राला उधाण असते, आणि चौदाचे पाऊणपट साडेदहा. म्हणजे मिरवणुका किनाऱ्यावर पोहोचतात त्याच रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, कधी त्याहूनही थोडे उशिरा, पाणी भरलेले असते. वाचकांस एवढीच विनंती की त्या रात्री आपली मूर्ती स्वतः आत नेण्याचा आग्रह त्यांनी धरू नये. ती पाणी जाणणाऱ्या कोळी तरुणांच्या किंवा जीवरक्षकांच्या हाती द्यावी, नाहीतर महापालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जित करावी, आणि शेवटची आरती कोरड्या वाळूवर, समुद्राकडे तोंड करून म्हणावी.