मोर्चा, चक्काजाम आणि कलम 15

मार्च 2018 मध्ये नाशिकहून पायी निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च मुंबईत पोहोचला, तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. पेपरला निघालेल्या मुलांची अडचण नको म्हणून सोमय्या मैदानात टेकलेली ही माणसे, तळपायांची सालटी निघालेली असताना, रातोरात उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. मागणी होती कसत्या वनजमिनीच्या हक्काची आणि कर्जमाफीची. तरीही सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांना त्या लाल बावट्यांमागे शहरी माओवाद दिसला. सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या आणि तो आरोप तिथेच विरला.

सगळ्याच मोर्चांच्या वाट्याला हे येत नाही.

मोर्चाविषयीचा जवळजवळ प्रत्येक दावा वादाचा असतो. माणसे किती होती इथूनच सुरुवात होते. पहिला दगड कुणी भिरकावला, त्या घोषणेचा अर्थ काय, बंदची हाक देणाऱ्याला पुढची जाळपोळ हवी होती का? याची उत्तरे साक्षीदार उभे करून, त्यांची उलटतपासणी घेऊनच मिळतात. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, नेमकी ही पायरी लांबणीवर टाकतो. आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी आधार दिसला की कलम 43-ड(5) नुसार जामीन नाही. जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक छाननी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वटाली प्रकरणात सांगितले. म्हणजे ज्या घटनेबद्दल सर्वाधिक मतभेद असतात, तिथेच पोलिसांची बाजू खटला उभा राहीपर्यंत, कधी कधी वर्षानुवर्षे, खरी धरून चालायचे. मला यातला खरा अन्याय इथे दिसतो.

त्यात याच कायद्याच्या कलम 15 मधली दहशतवादी कृत्याची व्याख्या ऐसपैस. बॉम्ब आणि बंदुकांची यादी देऊन ती ‘अन्य कोणत्याही साधनाने’ इथपर्यंत जाते आणि परिणामांमध्ये अत्यावश्यक पुरवठा खंडित होण्याचाही समावेश करते. चक्काजामने दुधाचे टँकर अडतातच. मग रास्ता रोको आणि दहशतवाद यांच्यातली रेघ कुणी आखायची?

आसाममध्ये हा प्रश्न कागदावर राहिला नाही. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात डिसेंबर 2019 मध्ये शेतकरी नेते अखिल गोगोई यांना अटक झाली. तुरुंगातूनच ते शिवसागरमधून आमदार झाले. 1 जुलै 2021 रोजी गुवाहाटीच्या विशेष एनआयए न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नाकेबंदीने लोकांची गैरसोय होते, पण हिंसेची चिथावणी नसेल तर ते दहशतवादी कृत्य नव्हे, असा त्या निकालाचा गाभा होता. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून आरोपनिश्चितीचा प्रश्न पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, जामीन मात्र दिला.

राज्यसभेत सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार 2016 ते 2019 या काळात यूएपीएखाली 5,922 जणांना अटक झाली आणि 132 जण दोषी ठरले. खटले रेंगाळतात, त्यामुळे हे दोन आकडे त्याच माणसांचे नाहीत, हे मान्य. तरीही तफावत अस्वस्थ करते.

फेब्रुवारी 2020 च्या दिल्ली दंगलीत 53 माणसे गेली. मोर्चाच्या आडून कुणी कत्तल घडवून आणली असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी. खून, दंगल, कट यांची कलमे त्यासाठीच आहेत. पण जून 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या दंगलीच्या कथित कटाच्या प्रकरणात तीन विद्यार्थी कार्यकर्त्यांना जामीन देताना निषेध आणि दहशतवाद यांतली रेघ पुसट होत असल्याचे बजावले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. त्याच कटाच्या प्रकरणात उमर खालिद, शर्जील इमाम आणि इतर काहींना सप्टेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, तेव्हा त्यांची तुरुंगातली पाच वर्षे होत आली होती किंवा उलटून गेली होती आणि खटल्याची सुनावणी सुरूही झालेली नव्हती.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी दहशतवादाची व्याख्या करतानाच निषेध, मतभेद आणि संप यांना संरक्षण देणारे कलम घातले. आपल्या कलम 15 मध्ये ते नाही, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 113 मध्येही ते घालायचे राहून गेले. हिंसेचा हेतू नसलेला मोर्चा, बंद किंवा संप दहशतवादी कृत्य मानला जाणार नाही, एवढे एक वाक्य दोन्ही कायद्यांत हवे. तुमचे खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, हे वाक्य त्यांच्याकडे लेखी मागा.