कृती आणि प्रमाण

प्राचीन स्थानाचे ज्ञान केवळ पाहण्याने होते की तेथे केलेल्या कृतीनेही, हा प्रश्न विचारणीय आहे. पोफळी ज्या चिपळूण तालुक्यात आहे, तेथील गावोगावी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवितात व ती सहाणेवर विसावते. देवतोपासना ग्राह्य की अग्राह्य, हा विषय वेगळा. परंतु एरवी नुसता चौथरा भासणारी सहाण तिच्याभोवतालच्या मोकळ्या जागेसह त्या दिवशीच उलगडते.

यावर आक्षेप असा की, आजची कृती जुन्या वस्तूवर आजचाच अर्थ लादील. आक्षेप सार्थ आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्या कडेने चालणाऱ्यास आकार उमगतो; तो कोणी व कशासाठी कोरला, हे चालण्याने कळत नाही.

मग कृती ज्ञानास साह्य केव्हा होते? चौदाव्या शतकातील स्थानपोथी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या चरणांकित स्थानांच्या जागा व दिशा सांगते. ती हाती घेऊन वंदन करणाऱ्याचे पाऊल पोथी व भूमी या दोहोंशी बांधलेले असते. चुकले तर चूक उघड होते. जेथे अशी कसोटी नाही, तेथे कृती म्हणजे केवळ कल्पना होय.

म्हणूनच जीर्णोद्धार करताना दक्षता हवी. सोयीसाठी ओटा हलविला तरी वंदन चालूच राहील. परंतु पोथीने सांगितलेली दिशा भूमीवर जुळणार नाही, आणि पुढील साधकास आपली चूक ओळखण्याचे साधनच उरणार नाही.