परक्याचा घुमट

होटगी जंक्शनावरून दक्षिणेस विजापूरचा फांटा फुटतो. पूर्वीं हा मार्ग मीटरगेजचा असल्यामुळें प्रवाशास येथें गाडी बदलावी लागे. आतां ती यातायात उरली नाहीं. परंतु गोल घुमट पाहावयास निघालेल्या मराठी माणसाच्या मनास भीमा ओलांडतांना अजून सांधा बदलावाच लागतो. ज्या दरबारानें १६५९ सालीं अफझलखानास शिवाजीमहाराजांवर धाडलें, त्याच दरबाराच्या वैभवापुढें मान वर करून थक्क होणें हा स्वकीयांशीं द्रोह तर होत नाहीं? प्रश्न भाबडा वाटला तरी टाकाऊ नाहीं.

याचीं दोन सोपीं उत्तरें सुशिक्षितांच्या ओठांवर असतात. कलेला जातगोत नसतें, हें एक. शत्रूचें तें सर्वच त्याज्य, हें दुसरें. पहिल्यांत इतिहासाचा विसर आहे. ही वास्तु म्हणजे महंमद आदिलशहाची (१६२७–१६५६) कबर. आपलें नांव राहावें म्हणून त्यानें ती हयातींतच आरंभिली. याच राजाच्या हुकुमानें १६४८ सालीं शहाजीराजांस कैद झाली. दुसऱ्या उत्तरांतहि विसरच आहे; कारण शहाजीराजे याच दरबारचे मातबर सरदार होते. आपला आणि परका यांतील रेघ त्या काळीं आपण समजतों तितकी सरळ नव्हती.

आंत शिरल्यावर मात्र डोळ्यांपुढें राजकारण राहत नाहीं. सुमारें १,७०० चौरस मीटर जमिनीवर एकहि खांब नाहीं, आणि वर सुमारें ३८ मीटर रुंदीचा घुमट तोललेला. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन चौरस कल्पून त्यांच्या बाजूंवर आठ कमानी परस्परांस छेदीत चढविल्या आहेत. चौकोनी दालनावर गोल घेर बसतो तो त्यांच्यामुळें. घुमट बाहेर रेटूं पाहतो, आणि कमानींवरील आंत झुकलेलें बांधकाम आपल्या वजनानें तो रेटा आवरून धरतें. हा भार कोठें जाईल हें ज्यांनीं आधीं ओळखलें, त्यांचें ज्ञान खरें होतें. तसें नसतें तर छत साडेतीनशें वर्षें टिकतें ना.

खऱ्यास खरें म्हटल्यानें आपण कोणा राजास खंडणी देत नाहीं. सत्याचें देणें तेवढें फेडतों. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची थोरवी आम्ही गातों, ती ते आमचे म्हणून, कीं त्यांचें काम उत्तम म्हणून? केवळ आमचे म्हणून असेल, तर तिला स्तुति न म्हणतां नातें सांभाळणें म्हणावें. जी वाहवा परक्याच्या उत्तम कामास देतां येत नाहीं, ती आपल्या माणसास दिल्यानें त्याचा मान वाढत नाहीं.

अशा कौतुकानें जुनी जखम विसरली जाईल, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें भय वाटत नाहीं. कौतुक करणें आणि क्षमा करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. दोन्ही भार एकदम पेलण्याइतकें मन भक्कम असावें, एवढीच अपेक्षा. वरच्या सज्जांत गेलेला जो तो आरोळी ठोकतो, आणि घुमट ती अनेक वेळां परत करतो. आपलाच आवाज ऐकावयाचा तर तो घरींहि ऐकूं येतो. वाचकांनीं तेथें घटकाभर गप्प राहून वर पाहावें, आणि पाहतांना १६५९ साल विसरूं नये.